आमचा डबा साल्हेरला गेला आणि परतही आला

दसरा झाला, पाऊस नक्की गेला असं वाटायला लागलं आणि मी माळ्यावरून झोपायच्या गाद्या खाली काढल्या. हे पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुठे?"

"साल्हेर," मी म्हटलं. "आणि डबा घेऊन."

डबा म्हणजे आमचा ट्रेलर. दोन चाकांचा, पांढऱ्या पत्र्याचा, जीपच्या मागे अडकवायचा. आत दोघांची गादी, दोन्ही बाजूंना खिडक्या, त्यांना मी शिवलेले फुलांचे पडदे. मागची झडप वर केली की ओटा, शेगडी आणि पाण्याचा कॅन. पिंपळगाव बसवंतला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारं एक वर्कशॉप आहे, तिथे यांनी रोज उभं राहून तो बनवून घेतला. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांना एकच सांगते, पासिंगच्या कागदांचं आधी विचारा आणि रंग नंतर निवडा. आम्ही उलट केलं आणि खूप हेलपाटे घातले.

हे एसटीत ड्रायव्हर होते आणि मी सरकारी दवाखान्यात नर्स. यांची गाडी कुठल्यातरी खेड्यात मुक्कामी, तर माझी इकडे नाइट ड्यूटी. अख्ख्या नोकरीत आम्ही एकमेकांना डबे भरून दिले ते बहुतेक जिन्यातच. त्यामुळे निवृत्तीनंतर यांनी जेव्हा "आता मुक्काम दोघांनी करायचा" असं म्हणून ट्रेलरचं चित्र काढून दाखवलं, तेव्हा मी हसले खरी, पण आत कुठेतरी फार बरं वाटलं होतं.

ही सहल शेवटची ठरण्याची भीती होती, कारण डबाच विकायची वेळ आली होती. का ते सांगते. उन्हाळ्यात पहिलीच सहल भंडारदऱ्याकडे काढली. तिथल्या एका रिसॉर्टच्या फाटकात हे रिव्हर्स घ्यायला गेले. भरलेली एसटी बोळातून मागे काढणारा माणूस, पण आठ फुटांचा डबा काही ऐकेना. हे स्टेअरिंग डावीकडे फिरवत, तर डबा उजवीकडे पळे. मी मागे उभी राहून कंडक्टरसारखी पत्र्यावर थापा मारत होते. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. शेवटी जीप आणि डबा यांची कात्री झाली, फाटकाचा खांब वाकला आणि जावई नितीन नाशिकहून येऊन आम्हाला सोडवून घेऊन गेला.

त्यानंतर लेकीने, रेश्माने, फर्मान काढलं, "बाबा, आता बास. विकून टाका." गिऱ्हाईकही तयार झालं. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मिसळ विकणाऱ्या दिलीपला डबा हवाच होता, झडप बघूनच त्याला मोह पडला होता. तेव्हा हे ताडकन म्हणाले, "एक सहल अजून. कुणालाही मदतीला फोन करावा लागला, तर आल्या दिवशी दिलीपला डब्याची चावी देतो." शब्द दिला म्हणजे दिला. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण शब्द मलाही लागू होता.

सकाळी उजाडताच निघालो. मागे ओझं असल्यामुळे जीप डिझेल जास्त पिते, तेव्हा टाकी नाशिकलाच भरून घेतली. ओझर, पिंपळगाव, मग सोग्रस फाट्यावरून आत वळलो. पिंपळगावच्या आसपास द्राक्षांच्या छाटण्या चालू होत्या, काड्यांचे भारे बांधावर पडलेले. भावडबारीचा घाट छोटाच आहे, पण डबा मागे असताना दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नये, हे यांचं म्हणणं आणि ते बरोबर आहे.

देवळा माझं माहेर. आईवडील गेले, भाऊ सुरतेला, त्यामुळे आता तिथे थांबायचं ते फक्त चहाला. ऊन चढायला लागलं होतं. आम्ही झाडाखाली डबा लावला आणि मी हवा लागावी म्हणून मागची झडप वर केली, तर दोन माणसं येऊन उभी.

"काय मिळंल?"

"काही नाही हो, आमचं घर आहे हे," मी म्हटलं.

त्यांनी आत वाकून पडदे बघितले, एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक म्हणाला, "मग च्या तरी करा." मी केला. पैसे देत होते, घेतले नाहीत. हे मात्र पुढचा अर्धा तास तोंड फुगवून गाडी चालवत होते, कारण डबा चहाची टपरीच वाटतो हे सिद्ध झालं होतं.

सटाण्यात जेवलो. शेवभाजी, बाजरीची भाकरी, कांदा, ठेचा. दोघांचं मिळून अडीचशेत झालं आणि वर ताक फुकट. शेवभाजी तिखट असते, नाशिकच्या जिभेने सावध राहावं.

ताहराबाद सोडलं आणि डोंगर समोर आले. मुल्हेर मागे पडल्यावर रस्ता अरुंद होत जातो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली ओढा. गवत नुकतंच पिवळं पडायला लागलेलं, मधूनच सोनकीचे उरलेसुरले पट्टे. मी खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते आणि तेवढ्यात वळणावर समोरून ट्रॅक्टर आला.

मागच्या ट्रॉलीत मक्याची कणसं शीग लावून भरलेली. त्याच्या मागे माणसांनी भरलेली जीप. आमच्या मागे बऱ्याच अंतरावर एक मोरी होती, तिथे रस्ता रुंद होता. भरलेली ट्रॉली चढावर मागे जाणार नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मागे आम्हालाच जायचं होतं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "काका, मांगे ल्या ना गाडी. आमना माल भरेल शे."

"घेतो," हे म्हणाले. मी उतरून मागे गेले आणि दोन थापा मारल्या.

पहिल्या झटक्यात डबा डोंगराच्या बाजूला वळला. पुढे घेतलं, पुन्हा. आता ओढ्याच्या बाजूला. मी एक थाप मारली ती जरा उशिराच, मागचं चाक कडेच्या मुरमावर गेलं होतं आणि तिथून खडे खाली पडल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा यांनी मान बाहेर काढून बघत बघत घेतलं आणि तीच कात्री झाली. समोरच्या जीपमधली माणसं उतरून बघायला लागली होती.

"सोडी द्या डबा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "आम्ही दहा जण ढकली देतस."

सरळ रस्त्यावर ते चाललं असतं. पण उतार होता आणि डब्याला स्वतःचा ब्रेक नाही. तो सुटला असता तर थेट ओढ्यात. हे म्हणाले, "नको." आणि मग त्यांनी खिशातून फोन काढला. सटाण्याला नितीनचा एक मित्र राहतो, त्याच्याकडे क्रेनवाल्याचा नंबर असतो. हे फोनकडे नुसते बघत होते. कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मी तो फक्त एकदा पाहिला होता, निवृत्तीच्या दिवशी डेपोत चावी परत करताना. मला फार वाईट वाटलं. रागही आला, कुणाचा ते कळेना.

आणि तेव्हा मी समोर बघितलं. ट्रॅक्टर, मधली पिन, मागे दोन चाकांची ट्रॉली. मग आमच्याकडे बघितलं. जीप, मधली पिन, मागे दोन चाकांचा डबा.

इतके महिने मला ते दिसलंच नव्हतं. डब्याला खिडक्या होत्या आणि खिडक्यांना मी शिवलेले पडदे होते, म्हणून मी त्याला घर समजत होते. ती ट्रॉली होती. आणि ट्रॉली मागे घेणं मला येत होतं. माझे वडील देवळ्यात लोकांचा ट्रॅक्टर भाड्याने चालवायचे. कांद्याच्या दिवसांत हात कमी पडायचे, तेव्हा दहावीतल्या मला त्यांनी सीटवर बसवलं होतं आणि भरलेली ट्रॉली कांदा साठवायच्या चाळीच्या तोंडाशी नेमकी मागे लावायला शिकवलं होतं. "स्टेरिंग खालून धर," ते म्हणायचे. "ट्रॉली जिकडं न्यायची, हात तिकडं ने. आन घाई करू नको, कांदा कुठं पळून जात नाय."

"फोन खिशात ठेवा," मी यांना म्हटलं. "आणि उतरा."

"काय?"

"उतरा म्हणते ना. मागे जाऊन थापा मारा."

निवृत्तीनंतर लायसन्स काढलं होतं मी, पण जीप चालवली ती बाजारापर्यंत आणि तीही शेजारी यांचा पाय हवेत ब्रेक मारत असताना. हे उतरले. मी सीट पुढे ओढली, आधी थोडं पुढे घेऊन डबा सरळ केला, स्टेअरिंग खालून धरलं आणि आरशात फक्त डब्याचं चाक बघितलं.

मागून दोन थापा पडल्या. यांच्या हाताच्या थापा, जरा बिचकतच.

हात डावीकडे, डबा डावीकडे. जरा सोडलं, सरळ झाला. घाई केली नाही. वळण आलं तसं वळवलं, मोरी आली तशी कडेला घेतलं. एक थाप पडली आणि मी ब्रेक दाबला. 

ट्रॅक्टर शेजारून जाताना थांबला. ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला, "ताई, तुम्ही तं आमन्याच शेतस."

"मी देवळानी शे," मीही अहिराणीतच म्हटलं. त्याने चार कणसं आमच्या टपावरच्या कॅरिअरमध्ये टाकली आणि गेला.

पुढे वाघांब्यापर्यंत मीच चालवलं. हे शेजारी बसून बाहेर बघत होते. रागावलेत का ते कळेना आणि विचारायचा धीर होईना. शाळेच्या मैदानाला लागून मोकळी जागा आहे, गावात विचारून तिथे डबा लावला. जागेचे पैसे कुणी मागितले नाहीत. लीलाबाई म्हणून एक बाई राहतात, त्यांच्याकडे भाकरी-पिठल्याचं सांगता येतं, ताटाचे शंभर. त्यांनी बजावलं, "उन्हाच्या आत चढा. वर टाक्याचं पानी हाय, पन गाळून प्या." आम्ही टपावरची कणसं भाजली आणि लवकर झोपलो.

सकाळी गार होतं. वाघांब्याहून वाट साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीकडे चढते. तिथवर दम लागतो पण भीती नाही. खिंडीत वारा अंगावर येतो आणि तिथून खरी गंमत सुरू होते. कातळात कोरलेल्या पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या उंच, एकामागून एक दरवाजे, आणि मग डोंगराच्या पोटातून जाणारी आडवी वाट, एका बाजूला गुहा, दुसऱ्या बाजूला सरळ दरी. चांगल्या तळाचे बूट हवेतच, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि पाणी माणशी दोन-तीन लिटर तरी घ्या.

यांचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून गेलेला आहे. पायऱ्यांवर ते बसले. "तू जा वर. मी इथे थांबतो."

"मुक्काम दोघांनी करायचा असं कोण म्हणालं होतं?" मी विचारलं. नर्स आहे मी, गुडघा दाबून बघितला, सूज नव्हती. पट्टा बांधला आणि काठी दिली. मग थोडं चढायचं, थोडं बसायचं, असं करत गेलो. वाटेत उतरणाऱ्या पोरांनी "आजोबा, जवळच आहे" असं सांगितलं, जे अर्थातच खोटं होतं.

गंगासागर तलावापाशी पाय बुडवून बसलो, पोळी-चटणी खाल्ली आणि मग शेवटची चढण. वर परशुरामाचं छोटं देऊळ आहे आणि चारी बाजूंना नुसते डोंगर. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच किल्ल्यावर आम्ही दोघं उभे होतो, तीन चांगले गुडघे आणि एक वाईट घेऊन. मला रडू आलं. आनंदानेच आलं, आणि मी ते आवरलं नाही.

हे खाली बघत होते. बराच वेळ शोधून म्हणाले, "तो बघ डबा." खाली गावाशेजारी पांढरा ठिपका दिसत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला शिकवशील का ते मागे घेणं?"

इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस. मी पटकन काही चेष्टा करणार होते, जिभेवर आलीही होती, पण केली नाही. "शिकवते की," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मैदानावर दगड मांडून शिकवणी झाली. शिष्य हट्टी. हात आपोआप वर जायचा, मी खाली ओढायचे. डबा दोनदा लीलाबाईंच्या कुंपणाकडे गेला आणि त्या अंगणात उभ्या राहून मोठ्याने हसत होत्या. दुपारपर्यंत सरळ रेषेत मागे यायला लागला, वळण मात्र अजून कच्चं आहे. खरं सांगायचं तर सालोटाही करायचा होता, तो राहिला.

परतीला देवळ्यात पुन्हा थांबलो. या वेळी झडप मुद्दाम बंद ठेवली.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. रेश्मा आणि नितीन आलेले, आणि दिलीपही येऊन कट्ट्यावर बसलेला, मोजपट्टी घेऊन. गल्लीच्या तोंडाशी यांनी जीप थांबवली आणि स्वतःहून उतरले. मी डबा उलटा आत घेतला, दोन्ही बाजूंच्या स्कूटरींच्या मधून, फाटकातून, पार पेरूच्या झाडापर्यंत. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. मला ते आवडलं, उगाच नाही का म्हणू.

"बाबा, खरं सांगा," रेश्मा म्हणाली. "किती जणांना फोन केले?"

"एकही नाही."

आता दोन आठवडे झालेत. गुडघ्याला शेक चालू आहे आणि रविवारी सकाळी आम्ही गंगापूर धरणाकडच्या मोकळ्या जागेवर वळणं शिकायला जातो. लोक विचारतात, या वयात एवढा खटाटोप कशाला. गड चढलो याचं समाधान आहेच, पण खरं सांगू, मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या संध्याकाळची आमच्या अंगणातली गोष्ट. दिलीपने मोजपट्टी उलगडली होती आणि चावीसाठी हात पुढे केला होता. यांनी चावी त्याच्या डोक्यावरून माझ्या हातात दिली.

"डबा द्यायचा नाही, दिलीप," हे म्हणाले. "त्याला ड्रायव्हर नव्हता म्हणून काढणार होतो. आता आहे."