लांडग्याचा वाटा

अप्पा गेल्याचं मला मुरुमच्या बाजारात कळलं. सोलापूरहून आलेला एक व्यापारी म्हणाला, "गुरुजी, तुमचे सलोत्री गेले... दवाखान्यात पोट कापताना आतलं गळू फुटलं म्हणं." खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला. आपल्या पोटात काय वाढतंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते कुठून आलं हेही.

वीरभद्रप्पा, म्हणजे आमचे अप्पा, निजाम सरकारचे सलोत्री, गुराढोरांचे डॉक्टर. लोहाऱ्यात मी मास्तर, ते शेजारच्या खोलीत. घर लिंगायत, अंड्यालाही न शिवणारे, पण मेलेली मेंढी दिसली की चाकू काढून बसायचे. संध्याकाळी चहाला तीच कथा... मेंढीच्या कलेजीत पाण्याचे फोड असतात. लांडगा, कोल्हा, कुत्रा ते खातो, त्याच्या आतड्यात बारीक जंत होतात, जंतांची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात पडतात आणि आपल्याच हातानं आपल्या तोंडात जातात. "मग त्योच फोड माणसाच्या पोटात, गुरुजी!" मी म्हणायचो, "अप्पा, निदान भजी तरी संपू द्या." आज त्या थट्टेची लाज वाटते.

उपाय साधा होता. मेलेली मेंढी खोल पुरायची, कलेजी कुत्र्यापुढं टाकायची नाही. पण सास्तूरच्या माळावरचे धनगर मेलेलं जनावर लांडग्याचा वाटा म्हणून उघड्यावर सोडत. त्यांच्यातला जाणता बिरू अप्पांना हात जोडून सांगायचा, "सायेब, लांडगा बी देवाचाच हाय. त्येचा वाटा मातीत घातला तर त्यो कळपावर येतूया." अप्पा कानडीत चार शिव्या हासडायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा माळावर हजर.

शेवटी मेलेली मेंढी पुरायचा हुकूम काढा म्हणून त्यांनी वर उर्दूत अर्ज लिहिला, एकदा नव्हे, अनेकदा. उत्तर आलं ते बंदूकवाल्या शिपायांच्या रूपानं. त्यांनी दोन लांडगे मारले, धनगरांच्या पोरांनी नुसत्या हातांनी कातडी सोलली आणि तशीच भाकरीला बसली. अप्पा कपाळावर हात मारून ओरडले, "आरं, लांडग्याला मारून काय हुतंय? कलेजी तर तुमीच टाकताव!" मग तांब्यातलं सगळं पाणी त्यांनी पोरांच्या हातांवर ओतलं. माळावर पाण्याचा ठणठणाट, म्हणून जंत शोधायला लांडग्यांची विष्ठा चिवडलेले आपले हात मात्र नेहमीसारखे धोतराला पुसले. मी तिथंच होतो, आणि एका शब्दानंही बोललो नाही.

अप्पांच्या मातीनंतर तीन आठवड्यांनी मी बिरूला भेटायला गेलो. त्याला आधीच कळलं होतं. गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला, मग हाताला धरून मला माळावर घेऊन गेला. तिथं एक मेलेली मेंढी उघड्यावर ठेवली होती, अंगावर भंडारा उधळलेला.

"सायबाच्या नावानं सोडलीया, गुरुजी. लई जीव लावला हुता त्येंनी आमाला."

त्याची माया खरी होती, आणि अप्पांची सगळी वर्षं त्या मेंढीशेजारी मातीमोल होऊन पडली होती. मी कुदळ मागितली आणि खणायला लागलो.

"गुरुजी," बिरूचा आवाज दुखावला होता, "सायबाचा वाटा मातीत घालताव व्हय?"

मी मान वर केली नाही. खणत राहिलो.