आव्यातला बैल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — कालपर्यंत.

सुरुवात हसण्यासारखी आहे. बाळापूरला माझी सासुरवाडी, कुंभाराचं घर. तिथं मी, रेल्वेतला कारकून, हौसेनं मातीचा बैल केला. मेहुणा म्हणाला, "जावईबापू, डुक्कर मस्त जमलं."

सासऱ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. "भरीव हाय. आत ओल हाय. वाळू द्या, पुढच्या आव्यात टाकू."

पण मला दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला परतायचं होतं, बैल ऑफिसात मिरवायचा होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, मडकी भाजायचा आवा गोवऱ्या लावून रचून तयार. कुणी नाही असं पाहून मी बैल मडक्यांच्या मध्ये सरकवला. एवढंच केलं. एवढंच — का?

आवा पेटला आणि आतून फट् झालं. मग पुन्हा. ओली माती विस्तवात फुटते ती शेजारच्यांना घेऊन. सकाळी पाहिलं तर निम्म्या मडक्यांची खापरं.

सासूबाई सुनेकडे वळल्या. "खरं सांग. गोवऱ्या रचताना तुले कावळा शिवला होता ना?"

वहिनीनं — मेहुण्याच्या बायकोनं — मान खाली घातली. कामाला हात कमी होते, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

मी जावई, खुर्चीवर. हातात चहा. बोललो नाही. कशाला भ्यालो? सासरे रागावतील म्हणून? नाही हो. हसतील म्हणून.

तेव्हापासून वहिनीला आव्याजवळ येऊ देत नाहीत, कुठल्याच दिवशी. आधी मडक्यावर वेल काढावी तर तिनंच. आता ती चुलीपाशी असते. एकदा मलाच म्हणाली, "भाऊजी, माह्याच हातानं झालं ते." मी म्हणालो, "जाऊ द्या." ते दोन शब्द मला आव्यातल्या आवाजापेक्षा भिववतात. दरवर्षी आवा पेटायच्या वेळी मी पान खायच्या निमित्तानं बाहेर सटकतो — न जाणो, कुणी माझ्या तोंडाकडे पाहिलं तर?

काल बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. मग म्हणाली, "तवापासून माहेरी गेली का मी बी आव्याकडे फिरकत नाही. आपल्या पोरीलेई जाऊ देत नाही. तुमाले दिसत नव्हतं?"