बाबांची कंबर

“तिथल्या लुळ्यापांगळ्यांना स्वतःची पोरं नाहीत का?” बाबा म्हणाले. “का सगळ्यांच्या पोरी आमच्या पोरीसारख्याच, घरचं टाकून बाहेरचं बघणाऱ्या?”

धाकटीने दुपारपासून दिलेली सगळी उत्तरं वाया गेली होती. फिजिओथेरपीचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, आणि मणक्याला इजा झालेल्या माणसांच्या एका केंद्रात तिला नोकरी मिळत होती. केंद्र दुसऱ्या गावात, राहायची सोय तिथेच. उद्या, सोमवारी, रुजू व्हायचं होतं, आणि येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

तिचा मोठा भाऊ फोनवरची नजर न काढता म्हणाला की खेळाडूंच्या संघाबरोबर जाणार असती तर एक वेळ ठीक होतं, चार लोकांत सांगता तरी आलं असतं. हे म्हणजे पाच वर्षं शिकून लघवीच्या पिशव्या धरायच्या. “आमच्या डॉक्टरीणबाईंना घाण आवडते,” तो म्हणाला आणि बाबा हसले.

घरच्यांनी तिचं भविष्य बाहेरच्या खोलीत आधीच मांडून ठेवलं होतं. भावाने ओळखीतून हिरव्या रेक्झिनची एक उंच कॉट आणली होती, पेशंटला झोपवायची. दारावर लावायची पाटी रंगवायला टाकली होती. कॉट आली त्या दिवशी बाबा तिच्यावर आडवे होऊन बघायला गेले ते रोज दुपारी तिथेच झोपायला लागले. रेक्झिनवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता. “दवाखाना तुझा, पहिला पेशंट मी,” असं ते आल्यागेल्याला सांगत.

घरात माणसं चार होती, पण शब्द कंबरेचा चालायचा. बाबा गोदामात सुपरवायझर असताना एक खोकं उचलायला गेले आणि कंबरेत उसण भरली. तेव्हा ती खरंच भरली होती. पुढे नोकरी सुटली आणि कंबर राहिली. कंबर नाही म्हणाली की लग्नाला जायचं रद्द व्हायचं. पंखा कुठे लावायचा, खिडकी किती उघडायची, जेवण टेबलावर की कॉटवर, सगळं कंबरेला विचारून व्हायचं. नातेवाईक फोनवर आधी तिची खुशाली विचारत, मग माणसांची.

धाकटी या कोर्सला गेली तीही कंबरेसाठीच. प्रवेशाच्या वेळी कारण विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं होतं: मला माझ्या वडिलांना बरं करायचंय.

दुसऱ्या वर्षी सरावासाठी तिने बाबांनाच तपासलं. त्यांना उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय टाचेकडून वर उचलला. वीतभर उचलला असेल नसेल, ते असे कळवळले की आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि भावाने धाकटीला हिडीसफिडीस केलं. रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजातल्या मॅडमनी त्याच तपासणीचा पुढचा भाग शिकवला. झोपलेल्या माणसाचा सरळ पाय वर उचलला की पायात उतरणारी शीर ताणली जाते. बसलेल्या माणसाने पाय समोर सरळ पसरला तरी तीच शीर तशीच ताणली जाते. ज्याचं खरंच दुखतं तो लगेच मागे रेलतो. जो झोपल्यावर ओरडतो आणि बसल्यावर आरामात पाय पसरतो, त्याच्याविषयी जरा थांबून विचार करायचा. हे कुणाला खोटं पाडायला नाही, मॅडम म्हणाल्या होत्या, आपली आपल्याला खात्री असावी म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी ती घरी होती. रविवारी बाबांची नखं कापायचा कार्यक्रम असे, कारण कंबरेमुळे त्यांना वाकता येत नव्हतं. आधी बादलीत कोमट पाणी, मग खाली वर्तमानपत्र. आई जमिनीवर बसली होती. बाबा खुर्चीत, डावा पाय सरळ पुढे, टाच आईच्या मांडीवर. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं. आई ते कडेकडेने कुरतडत होती आणि तुकडे उडत होते. तेवढ्यात बाबा पुढे वाकले. पाय सरळच, गुडघा जरासुद्धा न मुडपता, आणि छाती मांडीला टेकेल इतके पुढे. “कोपरा राहिला बघ,” बोट लावून त्यांनी दाखवलं, आणि पुन्हा मागे टेकून बसले.

नखाचा एक तुकडा उडून आईच्या केसांत अडकला होता. आईला ते कळलं नाही. धाकटी बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून तिने हात धुतले, दोनदा.

शेवटच्या वर्षी तिला मणक्याच्या वॉर्डात टाकलं तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हिची हौस फिटेल. तिलाही भीती होती. परांचीवरून पडलेला एक रंगारी होता, कंबरेखाली काहीच हलत नव्हतं, आणि पडून पडून माकडहाडाशी जखम झालेली. पट्टी सोडली की वास खोलीभर पसरायचा. आपल्याला ओकारी येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसं सरकायचं, मधे फळी टाकून, हातांच्या जोरावर, ते तिने त्याला शिकवलं. तो घामाने निथळायचा, शिव्या द्यायचा, दमून आडवा व्हायचा, परत म्हणायचा चला. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी त्याने तिचे आभार वगैरे मानले नाहीत. “आता माझा चहा मी आणतो,” एवढंच म्हणाला आणि खुर्ची ढकलत दाराबाहेर गेला.

ती वॉर्डातून घरी यायची, चप्पल काढायची, आणि रेक्झिनवरचा तो तेलाचा डाग दिसला की नाक दाबून आत जायची.

शेवटी तिने आईला सांगितलं होतं, भांडी पुसता पुसता, हळू आवाजात. शीर, सरळ पाय, सगळं. आईने हातातलं ताट पुसून पूर्ण केलं.

“मला काय नवीन सांगतेस? मी आंघोळीला गेले की पलंगाखालची चप्पल वाकून काढतात. मला दाराच्या फटीतून दिसतं.”

“मग?”

“मग काय? कामावर जायचे तेव्हा घरी कसे यायचे ते तू विसरलीस. मी नाही विसरले. कंबर दुखायला लागल्यापासून हात उचललेला नाही त्यांनी. नखं कापणं परवडतं मला.” मग ताट मांडणीत लावत ती म्हणाली, “तू घरीच दवाखाना काढलास म्हणजे दोघी मिळून करू. माझ्याच्याने आता एकटीने होत नाही गं.”

धाकटीला तेव्हा जी किळस आली ती नक्की कुणाची, हे तिला ठरवता येईना. बाबांची होती, आईच्या त्या हिशेबी शांतपणाची होती, आणि त्या हिशेबात आपली जागा आधीच धरलेली होती याची तर होतीच.

आजही रविवार होता. भांडण चालूच होतं आणि आईने बादली आणली, वर्तमानपत्र पसरलं, एक हात टेबलावर टेकून कण्हत खाली बसली. तिचे दोन्ही गुडघे एकामागून एक वाजले. कंबरेची खुशाली विचारणाऱ्यांपैकी कुणी त्या गुडघ्यांची चौकशी केली नव्हती. बाबांनी न बघताच पाय पुढे केला. धाकटीला ते म्हणाले, नोकरीला नाही म्हणून कळव आणि मग ये, कंबरेला जरा शेक दे. सकाळपासून फार धरलीय.

नखं झाली. आईने वर्तमानपत्राची पुडी केली आणि उठायला गेली. उठता येईना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसली. भाऊ उठून तिला दंडाला धरून ओढायला लागला.

“ओढू नकोस,” धाकटी म्हणाली. “सोड तिला.”

ती आईशेजारी गुडघ्यांवर बसली. आधी आईला कुशीला वळवलं, मग दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर आणलं, जसं वॉर्डात करायची तसं, घाई न करता. आता पुढे टेकायला काहीतरी भक्कम हवं होतं.

“बाबा, उठा. ती खुर्ची लागणार आहे.”

“अगं, माझी कंबर—”

“उठा.”

बाबा उठले. हात न टेकता, एका झटक्यात. उभे राहिल्यावर त्यांचा हात कंबरेकडे गेला, पण उशिरा. भावाने फोन खाली ठेवला होता आणि तो बाबांकडे बघत होता.

धाकटीने खुर्ची ओढून आईपुढे ठेवली. आईने बैठकीवर दोन्ही तळवे रोवले, एक पाऊल पुढे घेतलं, जोर लावला आणि उभी राहिली. मग वळून त्याच खुर्चीत बसली. दम लागला होता तिला. बाबा बादलीशेजारी ओल्या पायांनी उभे होते आणि बसायला कुठे जावं ते त्यांना कळत नव्हतं.

धाकटीने जमिनीवरचं नेलकटर उचललं, धुऊन पुसून टेबलावर ठेवलं.

“मी उद्या रुजू होतेय. येते म्हणून सकाळीच कळवलंय,” ती म्हणाली. “तिथे स्थिरावले की आईला गुडघ्यांसाठी तिकडे नेणार, बरे होईपर्यंत ती माझ्याकडे राहील. ती कॉट परत करा. आणि आजपासून या घरात ज्याची नखं त्याने कापायची.”