मरियामातेच्या गालावरची काजळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर भुईगावचं, लग्न होऊन वसईच्याच दुसऱ्या गावात आले. इथे चर्चमागच्या खोलीत जुन्या वस्तूंचं लहानसं संग्रहालय काढलं तेव्हा मला झाडलोटीला घेतलं. जुन्या मूर्ती आणि कपडे कसे जपायचे हे शिकलेल्या एक बाई दर शनिवारी मुंबईहून येत. माझा हात हलका आहे असं त्यांना वाटलं, आणि हळूहळू केरसुणी सुटून माझ्या हाती ब्रश आणि कापूस आला. मला ते आवडलं. तिथे फारसं बोलावं लागत नसे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सण जवळ आला होता आणि मरियामातेची लाकडी मूर्ती आमच्या टेबलावर आली. मेणबत्त्यांच्या धुराने तिचा चेहरा काळा पडला होता. चर्चच्या कमिटीतल्या लोकांचं म्हणणं, पेंटर बोलवू, ऑइलपेंट मारू. बाई म्हणाल्या, वरून रंग चढला की खालचा जुना गेलाच समजा, सणापर्यंत वेळ द्या.

झग्यावरची धूळ पाण्याने निघाली. चेहऱ्यावरची तेलकट काजळी हलेना. तेव्हा बाईंनी काडीला कापूस गुंडाळला, आपल्या जिभेला लावला आणि मातेच्या मानेवर मागच्या बाजूला हलकेच फिरवला. कापूस काळा झाला. खाली फिकट गुलाबी रंग दिसला.

"थुंकीनं तेलकट मळ सुटतो," त्या म्हणाल्या. "मग साध्या पाण्यानं पुसायचं. सगळीकडे असंच करतात. तुम्ही गालापासून सुरुवात करा, मी शनिवारी येते."

मी मान हलवली, पण काडी उचलली नाही. उष्टा पेला मी पाहुण्यासमोर ठेवत नाही, आणि जिच्यासमोर रोज गुडघे टेकते तिच्या गालाला माझी थुंकी लावायची? असं केल्यावर तिच्यासमोर परत प्रार्थनेला बसता येईल का, याचीच मला भीती होती.

धीर करून फादरांना विचारलं. ते हसले. "येशूनंसुद्धा आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकीच लावली होती. विसरलीस?"

विसरले नव्हते. पण तो येशू होता.

मी नुसते मूर्तीचे पायच पुसत राहिले. कमिटीतले एक जण डोकावून म्हणाले, "चेहरा आहे तसाच आहे. पेंटरला सांगून ठेवतो."

त्या संध्याकाळी सासू बोंबील साफ करत होती. ती नायगावच्या खाडीकडची, जिभेनं तिखट. तिला सगळं सांगितलं.

"कोनाची थुंकी?"

"माझी."

"मग तसं बोल ना. मला वाटलं त्या मुंबईवालीची." तिने बोंबलाचं डोकं उडवलं. "रोज माळ घेऊन तिचं नाव घेते ते तोंड कोनाचं? रविवारी कोमुन्यो घेते ते कोनाचं? तेव्हा नाय वाटत घान?"

कोमुन्यो म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून जिभेवर घ्यायचा पवित्र पाव; तो आम्ही उपाशीपोटीच घेतो.

"कोमुन्योला जाते तशी उपाशी जा," ती म्हणाली. "आनि उद्या सकाळी सुकट खाऊन तिच्याजवळ जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता गेले. तोंड खळखळून धुतलं. पहिली काडी गालाला लावताना डोळे मिटावेसे वाटले, पण मिटून चालणार नव्हतं. कापूस घासायचा नाही, फक्त फिरवायचा. काळा झाला की टाकून नवा घ्यायचा. शनिवारपर्यंत मी तसंच करत राहिले. बाईंनी चेहरा पाहिला, फादरांना बोलावून दाखवला, आणि पेंटर आला नाही.

सणाच्या दिवशी मूर्ती वेदीपाशी ठेवली. चेहरा काळा होता तेव्हाच जास्त भाविक दिसायचा, असंही कोणी कोणी म्हणालं. सासूने निरखून पाहिलं.

"नाक बसकं हाय की हिचं. आपल्यातलीच दिसते." मग तिने मातेच्या गालाला हात लावला आणि तीच बोटं ओठांना टेकवली. गालावर काय फिरलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्यामागे माझा नंबर आला. मी गुडघे टेकले. प्रार्थना सुरू केली आणि मातेच्या हनुवटीखाली राहून गेलेली एक काळपट रेघ दिसली. ती कशी काढायची याच विचारात प्रार्थना संपली.