एस्प्लनेड ते डमडम, बॅटरी मांडीवर

आयुष्यातला सर्वांत खडतर प्रवास कोणता, असं कोणी विचारलं तर मी एस्प्लनेड ते डमडम असं सांगतो. अंतर फार नाही. पण माझ्या मांडीवर मोटारीची बॅटरी होती.

खात्यानं पुण्याहून कलकत्त्याला बदली केल्यावर मी डमडमला बिऱ्हाड थाटलं आणि एका बंगाली वकिलाची जुनी गाडी विकत घेतली. एका शनिवारी सकाळी तिची किल्ली फिरवली, तर एखाद्या म्हाताऱ्यानं झोपेत कूस बदलावी तेवढाच आवाज आतून आला. बॅटरी संपली होती. आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी पाचला, भवानीपूरच्या एका हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात माझ्या बायकोचं गाणं होतं. सुमती लग्नाआधी गायची. त्यानंतर अठरा वर्षं तिनं माझ्या बदल्यांचं सामान बांधलं आणि सोडलं. आता कुठे दोन महिने रोज पहाटे तानपुरा घेऊन बसत होती. तो तानपुरा घेऊन कलकत्त्याच्या बसमध्ये चढणं म्हणजे दोघांपैकी एकाला खाली ठेवणं.

"मेकॅनिकला बोलवा," सुमती म्हणाली.

"दोन वायरी काढायच्या, दोन लावायच्या. त्याला मेकॅनिक कशाला?"

"परवा तुम्ही बल्ब बदललात तेव्हा अख्ख्या इमारतीचे दिवे गेले होते."

"तो योगायोग होता," असं म्हणून मी निघालो.

एस्प्लनेडच्या एका गल्लीत बॅटरीचं दुकान सापडलं. दुकानदार शांत गृहस्थ होते. ॲसिड भरलेली, चार्ज केलेली बॅटरी त्यांनी दोरीनं बांधून दिली आणि, उद्या सकाळी उजेडात बसवीन असं मी म्हटल्यावर, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कालके निजेई लागाबेन?" (उद्या स्वतःच बसवणार?)

"निजेई," मी छाती काढून म्हणालो.

ते काहीतरी बोलणार होते, पण नुसतेच हसले. माझ्या कर्तबगारीवर शंका घेतात म्हणून मला राग आला. मी हिशेब मिटवला, बॅटरी उचलली आणि तिसऱ्या पावलाला खाली ठेवली. नंतर दर पंधरा पावलांनी ठेवत, जणू मूर्तीची मिरवणूक काढल्यासारखा, ट्रामपर्यंत पोचलो.

ट्राममध्ये जागा मिळाली. सियालदहला उतरलो, हमालानं दया येऊन बॅटरी लोकल गाडीत चढवून दिली, आणि मी तिला मांडीवर घेऊन बसलो. समोर एक म्हातारे बाबू माशांची पिशवी सांभाळत होते.

"कोले ओटा की, दादा?" (मांडीवर काय आहे?)

"बॅटरी."

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि ते दुखवट्याच्या आवाजात म्हणाले, "प्यांट जाबे." (पँट जाणार.)

मी उदार हसलो. रविवारी सकाळी सुमतीनं ती पँट दोरीवर वाळत घातली तेव्हा तिच्यातून समोरचं नारळाचं झाड दिसत होतं.

सकाळी दहाला मी बाह्या सरसावल्या आणि लक्षात आलं की घरात पाना नाही. हरकत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी निबारणबाबूंचं गॅरेज होतं. त्यांच्याकडून पाना मागून आणायचा आणि काम मात्र आपण करायचं, अशी माझी योजना होती.

गॅरेजचं दार पाहिलं आणि मी थबकलो. आत हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती, पुढे धूप, ढाक नावाच्या मोठ्या ढोलाचा दणदणाट. मूर्तीपुढे सगळे पाने, हातोडे, जॅक ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर शेंदूर आणि फूल. बाहेर टॅक्स्या हार घालून उभ्या. वरती आभाळभर पतंग. विश्वकर्मापूजेचा दिवस होता. निबारणबाबू धुतलेलं धोतर नेसून, तेल न लागलेल्या हातांनी बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"एक पाना द्याल?"

"आज जोंत्रे हात देबो ना, दादा." (आज यंत्राला हात लावणार नाही.) ते गोड हसले. "आज पूरे कोलकाता में कोई नहीं देगा."

आता एस्प्लनेडच्या दुकानदाराचं हसू मला कळलं. खरं तर हे मला कळायला हवं होतं. आमच्या घरी खंडेनवमीला वडील आईला कात्रीसुद्धा हाती घेऊ देत नसत. पण दुसऱ्याच्या गावातही लोकांना दुसरी खंडेनवमी असू शकते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टॅक्सीवाल्यांना भवानीपूरला येता का म्हणून विचारलं; त्यांच्या टॅक्स्याही आज पूजेला बसलेल्या. ते प्रसादाची पानं मांडत होते.

घरी येऊन मी सुमतीला सगळं सांगितलं. ती तानपुऱ्याला गवसणी घालत होती, ती तशीच हातात राहिली. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि सांडशी घेऊन आली.

एवढ्यात निबारणबाबू पानावर खिचुडी (खिचडी) आणि लाबडा (भाज्यांचं मिश्रण) घेऊन आमच्या दारात उभे. परक्या माणसाला उपाशी पाठवल्याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

"हे चालेल का?" मी सांडशी दाखवली.

त्यांनी ती दुरूनच न्याहाळली. "इससे क्या पकड़ते हैं?"

"गरम पातेलं."

"तब तो रान्नाघर का है. जोंत्र नहीं," (मग ती स्वयंपाकघराची, यंत्र नव्हे) त्यांनी निकाल दिला, खुर्ची मागवली आणि अंगणातल्या गाडीच्या बॉनेटसमोर बसून आपलीच खिचुडी खाऊ लागले. हात लावायचा नव्हता, पण बोलायला बंदी नव्हती.

मी एका वायरीचा नट सांडशीत धरला. "ना," निबारणबाबू म्हणाले. मी ऐकलं नाही. सांडशी गाडीच्या पत्र्याला लागली, फाडकन ठिणगी उडाली आणि मी तुळशीवृंदावनापर्यंत मागे गेलो. सांडशी आणखी पुढे गेली.

"हे मी मुद्दाम पाहत होतो," मी म्हणालो.

"आता पाहून झालं ना? बाजूला व्हा," सुमती म्हणाली.

"बोउदी पारबेन," (वहिनींना जमेल) निबारणबाबू घास गिळत म्हणाले.

तिनं पदर खोचला, उकळतं पाणी आणून बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी धुतली, त्यांनी सांगितलेली वायर आधी सोडवली, मग दुसरी. नवी बॅटरी उचलून ठेवायचं काम मला मिळालं. मी ती उलटी ठेवली. "ना." सुलटी ठेवली. पावणेचारला किल्ली फिरवली आणि गाडी अशी गुरगुरली, की निबारणबाबूंचा उरलेला लाबडा पानावर थरथरला.

मग त्यांचाच चेहरा पडला. "गाड़ी भी तो जोंत्र है. आज निकालेंगे?"

सुमती त्यांच्यासमोर उभी राहिली. हात काळे, कपाळावर ग्रीसचा पट्टा. "बाबू, गणपतीसमोर गायचंय," ती हिंदीत म्हणाली.

ते उठले. त्यांनी गॅरेजमधून शेंदूर आणि जास्वंदीचा हार आणला, बॉनेटला वाहिला, आणि म्हणाले, "जान." (जा.)

पाचला दहा कमी असताना आम्ही हॉलवर होतो. सुमती हात धुऊन मंचावर बसली. पहिलं गाणं मी पहिल्या रांगेतून ऐकलं. दुसरं सुरू झालं आणि माझ्या मनात आलं, गाडी परत सुरू झाली नाही तर? मी हळूच उठलो, बाहेर गेलो, किल्ली फिरवली. सुरू झाली. बंद केली. पुन्हा सुरू केली. फारच छान वाटत होतं. आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मी बॉनेट उघडून उभा होतो.

परतीच्या वाटेवर श्यामबाजारपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात, अंतऱ्याला, आवाज लागला. अठरा वर्षांत असा लागला नव्हता. ऐकलंत ना?"

"ऐकला," मी म्हणालो.

ती प्रसन्न हसली आणि डमडम येईपर्यंत तेच गाणं गुणगुणत राहिली. तेवढा अंतरा मी कान देऊन ऐकला, पण तो काही मंचावरचा तो नव्हता. इतक्या खटाटोपानं जिथं पोचायचं होतं तिथं पोचलो, आणि नेमका त्या वेळी दाराबाहेर उभा राहिलो. हे वर्णन छापून येईल तेव्हा ती वाचेल. तोंडानं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.