कॅरियरवरून दिसलेली पाठ

आज सुनेनं अंगणात तिच्या सायकलचं पंक्चर काढलं आणि सोल्युशनच्या वासानं मला थेट निफाडच्या फलाटावर नेलं. ऐंशीच्या आसपासचा हिवाळा, लग्नाचं पहिलं वर्ष. नाशिकरोडहून आम्ही पॅसेंजरनं आलो होतो. यांनी गार्डाच्या डब्यातून सायकल उतरवली, तिथंच पंक्चर काढलं आणि मला कॅरियरवर बसवून सायखेड्याला निघाले, गोदावरी दाखवायला.

वाटेत गाव आलं की म्हणायचे, "उतर आता." नव्या सुनेनं नवऱ्याच्या मागं बसून गावातून जाणं तेव्हा बरं दिसत नसे. मी पदर सावरून, धुमसत मागून चालायची. ओट्यावर हरभरा सोलत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बस की गं पोरी, कोणी काय म्हणत नाय." तिनं ओंजळभर दाणे दिले. हे मात्र सायकल ढकलतच राहिले.

तो राग मी पुष्कळ वर्षं जपला. आता वाटतं, त्या दिवसातलं जे काही आठवतं, ओला हरभरा, गुऱ्हाळाचा धूर, म्हातारीचे खरबरीत हात, ते सगळं उतरून चाललेल्या गावांतलं आहे. कॅरियरवरून मला फक्त यांची पाठ दिसत होती.

हे गेल्यापासून तीच पुन्हा बघावीशी वाटते.