पाठीमागचा चौकोन

माझी काकू शिवणकाम करते आणि कुणाचं ऐकत नाही. माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे दीर, प्लास्टरची कामं घेतात. काकूचं घर जुनं, दगडमातीच्या हातभर जाड भिंतींचं. बाबांनी मोठ्या हौसेनं त्यांवरचा चुना खरवडला आणि आतून-बाहेरून सिमेंट चोपडलं. पुढच्याच पावसाळ्यात भिंतींना ओल आली आणि गिऱ्हाइकांच्या कापडांवर बुरशीचे ठिपके पडले.

"भाऊजी, तुम्ही भिंतीला रेनकोट घातलात," काकू म्हणाली. "आतला घाम जाणार कुठून?"

"वहिनी, तुम्ही कपडे शिवा. भिंतींचं मला कळतं."

झालं. दुसऱ्या दिवशी काकूनं मशीनवर चादर टाकली, डोक्याला फडकं बांधलं आणि छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच सिमेंट उखडायला घेतलं. बाबा दारात येऊन तणतणले, लोक तोंडात शेण घालतील म्हणाले.

"घालू देत," ती म्हणाली. "तोंड माझं, भिंतही माझी."

मग एका म्हाताऱ्या गवंड्याकडून तिनं पुन्हा चुन्याचा गिलावा करून घेतला. घर कोरडं झालं.

फक्त आतल्या एका भिंतीवर, बसल्यावर पाठ टेकते त्या उंचीवर, तिनं एक चौकोन सिमेंटचाच ठेवलाय. त्याला लागून एक स्टूल आहे. बाकीच्या खुर्च्यांवर कापडं असतात, त्यामुळे बाबा आले की त्यांना तिथेच बसावं लागतं. पावसाळ्यात उठतात तेव्हा शर्टाची पाठ ओली असते.

"काढा तो शर्ट, भाऊजी," काकू म्हणते. "इस्त्री फिरवून देते. कापडाचं मला कळतं."